मुलांचे दात, ब्रेसेस आणि कंपनीचा डेंटल प्लॅन : ओपन एनरोलमेंटच्या आधी सल्ला हवा आहे

मेथीची_जुडी | ३ नोव्हेंबर २०२५, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. आम्ही नॉर्थ कॅरोलायनात, केरीला राहतो. माझ्या कंपनीचं ओपन एनरोलमेंट (वर्षातून एकदा इन्शुरन्स प्लॅन निवडायची मुदत) १४ तारखेला बंद होतंय. मेडिकलचं ठरलेलं आहे, गाडी अडलीय डेंटलवर. मुलगी सात वर्षांची, मुलगा नुकताच तीनचा झाला. नवराही नोकरी करतो, त्याच्या कंपनीचा प्लॅन वेगळा.

माझ्याकडे तीन पर्याय आहेत. रकमा चौघांच्या कुटुंबासाठी, वर्षाला २६ पेचेक धरून :

डीएचएमओ : पेचेकमागे १२ डॉलर. वार्षिक मर्यादा नाही, पण त्यांच्याच यादीतला डेंटिस्ट आधी निवडून ठेवायचा.

बेसिक पीपीओ (डेंटिस्ट निवडायची मोकळीक असलेला प्लॅन) : २१ डॉलर. प्लॅन माणशी वर्षाला १,००० डॉलरपर्यंत देणार. क्लीनिंग वगैरे १०० टक्के, फिलिंगला ८०, क्राऊनला ५०. ऑर्थो (ब्रेसेस वगैरे) नाही.

हाय पीपीओ : ४० डॉलर. माणशी २,०००. मुलांच्या ऑर्थोला ५० टक्के, एका मुलाला जन्मभरात २,००० पर्यंत, वय १९ च्या आत. ऑर्थोसाठी १२ महिने वेटिंग, म्हणजे तोवर त्याचे पैसे मिळत नाहीत.

मागच्या महिन्यात लेकीच्या चेकअपला डेंटिस्ट म्हणाल्या की वरचा जबडा अरुंद वाटतोय, एकदा ऑर्थोडॉन्टिस्टला दाखवा. सात वर्षांच्या मुलीला ऑर्थोडॉन्टिस्ट? मला वाटत होतं ते बाराव्या-तेराव्या वर्षाचं प्रकरण. मुलाची गोष्ट निराळी. तो ब्रश बघितला की पळतो आणि झोपताना दुधाचा सिपी कप सोडत नाही. प्लॅन आणि ब्रश, दोन्हींवर बोला. वेगळे धागे काढत बसत नाही.

---

आकडेमोड | ३ नोव्हेंबर, रात्री १०:२५

पहिल्यांदा एक गोष्ट डोक्यात पक्की करा : डेंटल इन्शुरन्सला नावापुरतंच इन्शुरन्स म्हणायचं. मेडिकलमध्ये तुमच्या खिशातून जाणाऱ्या पैशाला वर्षाची कमाल मर्यादा असते, त्यापुढचं सगळं कंपनी बघते. डेंटलमध्ये नेमकं उलट. मर्यादा कंपनीच्या खर्चाला, तुमच्या खर्चाला नाही. म्हणजे मोठं संकट आलं की हजार-दोन हजार देऊन ते मोकळे आणि बाकीचं तुमच्या गळ्यात. किराणा दुकानाच्या कुपनांच्या वहीसारखं हे. कुपनं वापरणार असाल तरच वही घ्यायची.

आमच्या मॅसॅच्युसेट्समध्ये नोव्हेंबर २०२२ ला यावर चक्क मतदान झालं. डेंटल कंपन्यांनी प्रीमियमच्या किमान ८३ टक्के रक्कम उपचारांवर खर्च करावी, नाहीतर उरलेली परत द्यावी, असा प्रस्ताव होता. लोकांनी तो दणदणीत मंजूर केला. पण मोठ्या कंपन्या स्वतःच्या तिजोरीतून जे प्लॅन चालवतात त्यांना हा राज्याचा कायदा लागू होत नाही, त्यामुळे आयटीवाल्यांनी फार नाचू नये.

---

दंतकथा | ४ नोव्हेंबर, सकाळी ७:१५

मी लहान मुलांची डेंटिस्ट. बीडीएस नागपूरचं, इथलं शिक्षण नंतर. प्रॅक्टिस न्यू जर्सीत.

मेथी, प्लॅनचा कागद बाजूला ठेवा आणि आधी मुलांच्या तोंडात काय चाललंय ते बघा. प्लॅन त्यावरून ठरतो. बहुतेक घरी उलटं होतं : आधी हप्ता बघतात, मग वर्षभर त्यात काय बसतं ते शोधत बसतात.

सात वर्षांच्या मुलीच्या तोंडात आत्ता सर्वात मोलाचा ऐवज म्हणजे सहाव्या वर्षाच्या दाढा. दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे या चार कायमच्या दाढा येतात. त्यांच्यासाठी कुठलाही दात पडत नाही, त्यामुळे आईबापांना पत्ताच नसतो. "दुधाचीच आहे, पडेल" म्हणून कीड चालवून घेतात, आणि ती दाढ तर सत्तरीपर्यंत पुरवायची असते. तिच्या खाचांवर सीलंट (कीड रोखणारा पातळ थर) लावून घ्या. बऱ्याच पीपीओंत मुलांचं सीलंट प्रिव्हेंटिव्हमध्ये (कीड टाळायच्या कामांत), म्हणजे पूर्ण कव्हर असतं. अट वयाची आणि दाढेला आधी कीड नसण्याची. यासाठी तुम्हाला हाय प्लॅन लागत नाही.

ऑर्थोडॉन्टिस्टकडे पहिली तपासणी सातव्या वर्षाच्या आसपास करावी, असं इथली ऑर्थोडॉन्टिस्टांची संघटना सांगते. म्हणजे सातव्या वर्षी तारा लावायच्या असं नव्हे. शंभरातल्या बऱ्याच मुलांना "वर्षाने या" म्हणून परत पाठवतात. पण वरचा जबडा अरुंद असून वरच्या दाढा खालच्यांच्या आत बसत असतील, म्हणजे क्रॉसबाइट असेल, तर तो लवकर दुरुस्त केलेला बरा. टाळूच्या मधला सांधा या वयात अजून जुळून घट्ट झालेला नसतो, एक्स्पांडरने जबडा रुंद करणं सोपं जातं. पंधराव्या वर्षी तेच काम जड.

१४ तारखेच्या आत ऑर्थोडॉन्टिस्टची वेळ घ्या. पहिली भेट बऱ्याच ठिकाणी फुकट असते. मग पुढचं बोलू.

---

पेठेतला_पाहुणा | ४ नोव्हेंबर, दुपारी १२:०५

तुमच्याकडे दातांना इन्शुरन्स असतो हेच वाचून आमचे दात दिसले. इथे पुण्यात माझ्या कंपनीची ग्रुप मेडिक्लेम पाच लाखांची. दातांच्या रकान्यात एवढंच, की अपघात होऊन हॉस्पिटलात भरती व्हावं लागलं तर. म्हणजे रूट कॅनाल हवी असेल तर आधी स्कूटरवरून पडायचं. हल्ली काही कंपन्या वेगळं ओपीडी कव्हर देतात, त्यात थोडंफार डेंटल बसतं, पण मर्यादा किरकोळ.

अर्थात आमच्याकडे नायर दंत महाविद्यालय आहे, मुंबई, नागपूर आणि संभाजीनगरला सरकारी दंत महाविद्यालयं आहेत. रांग लावायची तयारी असेल तर काम उत्तम आणि स्वस्तात होतं. ज्यांचा पगार २१,००० च्या आत आहे त्यांना ईएसआयसीच्या (कामगार विमा) रुग्णालयातला दंतविभाग आहे. मेथीताई, मे महिन्यात येऊन ब्रेसेस लावून घ्या की.

---

दंतकथा | ४ नोव्हेंबर, सायं. ६:५०

पाहुणे, फिलिंग-क्राऊनसाठी भारतवारी ठीक. ब्रेसेस महिना-दीड महिन्याला घट्ट कराव्या लागतात, तेही दीड-दोन वर्षं. लावल्या पुण्यात आणि सांभाळायच्या केरीत, असं चालत नाही. इथले ऑर्थोडॉन्टिस्ट दुसऱ्याचं अर्धवट काम सहसा हातात घेत नाहीत, आणि घेतलं तर वेगळे पैसे लावतात.

---

आजी_ऑनलाइन | ४ नोव्हेंबर, रात्री ८:३०

अगं मेथी, तू त्या बाळाचा दुधाचा कप आधी बंद कर. प्लॅनबिन नंतर. माझ्या नातवाच्या पुढच्या चार दातांचं त्या कपामुळे पिठूळ झालं होतं. सुनेला वाटायचं, दूधच तर आहे, साखर कुठे घालतोय. दुधात स्वतःची साखर असते, आणि झोपेत लाळ कमी होते म्हणून ती दातांवर रात्रभर बसते, असं तिथल्या डॉक्टरीण बाईंनी समजावलं.

एकदम नको तोडूस, हट्टाला पेटेल. आम्ही रोज दुधात थोडं थोडं पाणी वाढवत नेलं. शेवटी कपात नुसतं पाणी राहिलं, मग त्याचं त्यालाच नकोसं झालं. दूध जेवणाच्या टेबलावर, ब्रशच्या आधी. ब्रशनंतर फक्त पाणी.

आणि एक, "दात घासले नाहीस तर डॉक्टर सुई टोचतील" असं चुकूनही म्हणू नकोस. आम्ही आमच्या मुलांना तेच म्हणायचो. माझा मुलगा आज चाळिशीचा आहे आणि अजून डेंटिस्टचं नाव काढलं की मीटिंग काढतो. 😄

---

एडिसनकर | ४ नोव्हेंबर, रात्री ९:१०

डीएचएमओ आम्ही घेतला होता, त्यावर थोडं. कागदावर सुंदर दिसतो. हप्ता कमी, वार्षिक मर्यादा नाही, प्रत्येक कामाचा ठरलेला को-पे (आपण भरायचा वाटा). तक्त्यात ऑर्थोसुद्धा असतं. पण यादीतले निम्मे डेंटिस्ट "नवीन पेशंट घेत नाही" म्हणाले. पिडियाट्रिक डेंटिस्टकडे जायला आधी नेमलेल्या डेंटिस्टचं रेफरल लागायचं. जिथे नेमणूक झाली ते ऑफिस पाऊण तास लांब, आणि मुलाच्या दोन दाढांचं काम तीन वेळा पुढे ढकललं. वर्ष संपताच पीपीओत परत आलो.

तरी सरसकट वाईट म्हणणार नाही. टेक्सास, कॅलिफोर्निया, फ्लोरिडाच्या मोठ्या शहरांत डीएचएमओचं जाळं बरं असतं, तिकडच्या मित्रांचं व्यवस्थित चाललंय. निवडण्याआधी यादीतल्या तीन ऑफिसना फोन करा आणि एकच विचारा : या प्लॅनवरचं सात वर्षांचं नवीन मूल घेता का, आणि पहिली तारीख कधीची? वेबसाइटवरच्या यादीवर विसंबू नका.

---

आकडेमोड | ४ नोव्हेंबर, रात्री ११:३०

आता गणित. हाय आणि बेसिकमधला फरक पेचेकला १९ डॉलर, वर्षाला ४९४. हाय प्लॅनचं मुख्य आमिष ऑर्थोचे २,००० डॉलर. मुलीला बाराव्या वर्षी ब्रेसेस लागतील या आशेने आजपासून हाय घेऊन बसलात, तर पाच वर्षांत २,४७० जादा भराल. मिळणार २,०००. ते आपलेच पैसे, कमी करून परत.

उलट एक वर्ष आधी हायमध्ये शिरलात, वेटिंग संपवलं आणि दोन वर्षांचे उपचार केलेत, तर तीन वर्षांचे १,४८२ भरून २,००० मिळतात. फायदा ५१८. याच तीन वर्षांत धाकट्याचेही ब्रेसेस बसले असते तर आणखी २,०००, पण तुमच्या मुलांत चार वर्षांचं अंतर आहे, ते जमणं अवघड.

मध्येच बाहेर पडायचं मात्र नाही. ऑर्थोचे पैसे एकरकमी मिळत नाहीत. सुरुवातीला थोडे, मग उपचार चालू असेपर्यंत दर महिन्याला किंवा तिमाहीला. प्लॅन सोडला किंवा नोकरी गेली की उरलेले हप्ते बंद. लेऑफच्या दिवसांत हे विसरू नका. कोब्रामध्ये (नोकरी सुटल्यावरही जुना प्लॅन काही काळ ठेवायची सोय) डेंटल चालू ठेवता येतं, फक्त पूर्ण प्रीमियम आपण भरायचा.

बेसिकचं गणित सोपं आहे. चौघांची वर्षाला दोन-दोन क्लीनिंग, मुलांचं फ्लोराइड, अधूनमधून एक्स-रे. रोख भरलं तर ५४६ पेक्षा बरंच जास्त होतं. तिथे डोळे झाकून घ्या.

---

कागदपत्री | ५ नोव्हेंबर, सकाळी ८:४५

मी एका कंपनीत बेनिफिट्स बघते, त्यामुळे बारीक अक्षरातलं थोडं. तक्त्यातले टक्के सगळे बघतात, भांडणं मात्र तक्त्याबाहेरच्या ओळींवरून होतात.

"वर्षातून दोनदा" आणि "दर सहा महिन्यांनी एकदा" यांत फरक आहे. दुसऱ्या प्रकारात १० मे रोजी क्लीनिंग केलं आणि ८ नोव्हेंबरला परत गेलात तर क्लेम नामंजूर. दोन दिवसांसाठी पूर्ण बिल खिशातून.

दाढेला पांढरं फिलिंग केलं तरी काही प्लॅन चांदीच्या फिलिंगच्या दराने पैसे देतात. फरक तुमचा.

प्रिव्हेंटिव्हचा खर्च वार्षिक मर्यादेत धरतात की नाही, हे १,००० च्या प्लॅनमध्ये नक्की विचारा. धरत असतील तर क्लीनिंग आणि एक्स-रेतच निम्मी मर्यादा संपते.

क्राऊन, पल्पोटॉमी (किडलेल्या दुधाच्या दाढेच्या आतला वरचा भाग काढणं), ऑर्थो अशा मोठ्या कामाआधी डेंटिस्टला प्री-डिटरमिनेशन पाठवायला सांगा. कंपनी किती देणार ते लेखी येतं. ती हमी नसते, पण "आम्हाला माहीत नव्हतं" हा खेळ बंद होतो. फोनवर बोलताना कामाचा डी-कोड (प्रत्येक दंतोपचाराचा ठरलेला क्रमांक) सांगा : सीलंट डी१३५१, मुलांचं क्लीनिंग डी११२०, दुधाच्या दाढेवरचा स्टीलचा क्राऊन डी२९३०, किशोरवयीन मुलांचे पूर्ण ब्रेसेस डी८०८०. कोड सांगितला की पलीकडचा माणूस गोलगोल उत्तर देत नाही.

आणि फार लहान मुलाला पूर्ण भूल देऊन काम करावं लागलं तर भुलीचं आणि हॉस्पिटलचं बिल मेडिकल इन्शुरन्सकडे जाऊ शकतं. बऱ्याच राज्यांत तसा कायदा आहे. डेंटलच्या मर्यादेतून ते भरत बसू नका, आधी मेडिकलला विचारा.

---

मेथीची_जुडी | ५ नोव्हेंबर, रात्री ९:००

किती ते भराभर! सगळ्यांची आभारी आहे. शुक्रवारी ऑर्थोडॉन्टिस्टची वेळ मिळालीय. आजी, पाणी वाढवायचा प्रयोग आजपासून सुरू.

एक प्रश्न राहिला. नवऱ्याच्या कंपनीतही डेंटल आहे. दोन्हीकडे मुलांची नावं घातली तर दोन्हीकडून पैसे मिळतील का?

---

कागदपत्री | ५ नोव्हेंबर, रात्री ९:३५

मिळू शकतात, पण बेरीज होईल असं धरू नका. मुलं दोन्ही प्लॅनमध्ये असतील तर पहिला प्लॅन कोणाचा, हे आईबापांच्या वाढदिवसावरून ठरतं. कॅलेंडरमध्ये ज्याचा वाढदिवस आधी, त्याचा प्लॅन पहिला. जन्मवर्ष बघत नाहीत, फक्त महिना आणि तारीख. तुमचा मार्चचा आणि नवऱ्याचा ऑगस्टचा असेल तर तुमचा पहिला, मग तो तुमच्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा का असेना.

खरी मेख दुसऱ्या प्लॅनमध्ये. त्यात नॉन-ड्युप्लिकेशन असं कलम असेल तर पहिल्याने जेवढं दिलं तेवढंच किंवा त्याहून कमी दुसऱ्याने दिलं असतं, अशा वेळी दुसरा एक छदामही देत नाही. दोन हप्ते भरून एकाचाच लाभ. ते कलम नसेल आणि दोन्हीकडे ऑर्थो असेल, तर मात्र दोन्हीकडचे पैसे मिळून चांगली रक्कम होऊ शकते.

---

पैनगंगा_काठ | ६ नोव्हेंबर, सकाळी ६:२०

अवांतर, पण दातांच्या धाग्यावर फ्लोराइड आलंच पाहिजे. मी मूळ यवतमाळ जिल्ह्यातला, सध्या सॉल्ट लेक सिटीत. आमच्या गावाकडे बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या पट्ट्यात पोरांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे असलेली अख्खी गावं आहेत. त्यामुळे इकडे आल्यावर मुद्दाम पाण्यात फ्लोराइड घालतात हे ऐकून मी हादरलो होतो.

नंतर कळलं, सगळा खेळ प्रमाणाचा आहे. इथे शिफारस लिटरला ०.७ मिलिग्रॅमची. आपल्याकडे मानकात इष्ट मर्यादा १ आणि नाइलाज असेल तर १.५, आणि गावच्या बोअरला त्याच्याही वर जातं. २०२५ मध्ये आमच्या यूटा राज्याने पाण्यात फ्लोराइड घालणंच बंद केलं, पाठोपाठ फ्लोरिडानेही. आमच्या डेंटिस्टने मुलांना फ्लोराइड व्हार्निश (दातांवर लावायचा लेप) चुकवू नका म्हणून सांगितलंय. प्लॅनमध्ये ते कितव्या वर्षापर्यंत मिळतं हे बघायला लागलो तेव्हा कळलं की आमचा प्लॅन १४ ला थांबतो आणि बायकोच्या ऑफिसचा १९ ला.

---

दंतकथा | ६ नोव्हेंबर, सकाळी ७:४०

पैनगंगा, अगदी बरोबर. मेथी, केरीत शहराचं पाणी असेल तर प्रश्न नाही. पण त्या भागात शहराबाहेरच्या पुष्कळ घरांना स्वतःची विहीर असते. तसं असेल तर पाणी तपासून डेंटिस्टला आकडा सांगा.

पेस्टचं : तीन वर्षांच्या आत तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वाटाण्याएवढी, फ्लोराइडवालीच. जाहिरातीत ब्रशवर लाट काढतात, ती विसरा.

---

सकाळचा_चहा | ६ नोव्हेंबर, सकाळी ११:१०

ब्रश बघून पळणाऱ्या तीन वर्षांच्या मुलाबद्दल कोणीच काही लिहीत नाहीये. आमच्याकडे रोज रात्री तमाशा असायचा. स्टिकर, ॲप, गाणारा ब्रश, सगळं झालं. स्टिकर आठवडाभर चालले, मग त्यानं विचारलं, दोन स्टिकर देतेस का.

शेवटी जे जमलं ते असं : मी पलंगावर मांडी घालून बसते, त्याचं डोकं माझ्या मांडीवर, तोंड माझ्याकडे वर. आरशासमोर उभं राहून घासताना मला त्याच्या वरच्या दाढा दिसायच्याच नाहीत. आडवा झाला की सगळं दिसतं आणि त्यालाही पळायला वाव राहत नाही. आधी तो माझे दात घासतो (पेस्ट नाकात जाते, चालायचंच), मग मी त्याचे. मी घासताना आज जेवणातलं काय काय सापडलं याची यादी मोठ्याने वाचते. "हा बघ भेंडीचा तुकडा लपलाय." नसलेली भेंडीही सापडते.

---

आकडेमोड | ६ नोव्हेंबर, दुपारी १:००

मुलाला स्वतःचं स्वतः करू द्यावं, स्वावलंबन वगैरे? आमची पाच वर्षांची स्वतःच घासते.

---

दंतकथा | ६ नोव्हेंबर, सायं. ७:०५

घासू दे, कौतुकही करा, आणि नंतर तुम्ही परत घासा. सात-आठ वर्षांपर्यंत मुलांच्या हाताला ते बारीक काम जमत नाही. सकाळचं स्वावलंबन, रात्रीचं आईबापाच्या हातचं, असं मी घरोघरी सांगते. दोन दाढा एकमेकींना टेकल्या असतील तर मधे फ्लॉसही. माझ्याकडे येणारी कीड बहुतेक वेळा तिथलीच असते. वरून दाढ धडधाकट दिसते आणि एक्स-रेत दोन्ही आतून पोखरलेल्या.

आणि खाणं. किती गोड खाल्लं यापेक्षा दिवसातून कितीदा खाल्लं, हे दातांना जास्त भोवतं. दर वेळी खाल्ल्यावर तोंडात थोडा वेळ आम्ल तयार होतं, मग लाळ ते निवळवते. तासातासाला मनुका, गमी व्हिटॅमिन, क्रॅकर, ज्यूसचा घोट चालू असेल तर लाळेला उसंतच मिळत नाही. जेवणाबरोबर श्रीखंड खाल्लेलं परवडलं. आपल्याकडे खजूर, चिक्की, मनुका हे "पौष्टिक" म्हणून दिवसभर चालतं. पौष्टिक आहेत हो, पण दाढेच्या खाचेत चिकटून बसतात. जेवणासोबत द्या.

---

आजी_ऑनलाइन | ६ नोव्हेंबर, रात्री ८:१५

श्रीखंडाला परवानगी दिल्याबद्दल डॉक्टरीण बाईंचे आभार. आमच्या लहानपणी पडलेला दात शेणाच्या गोळ्यात घालून कौलावर फेकायचो. नातीला आता उशीखाली पाच डॉलर मिळतात. महागाई.

---

मेथीची_जुडी | ८ नोव्हेंबर, दुपारी ४:३०

ऑर्थोडॉन्टिस्टकडे जाऊन आलो. लेकीला एका बाजूला क्रॉसबाइट आहे. चावताना खालचा जबडा किंचित सरकतो, आम्हाला कधी जाणवलंच नव्हतं. येत्या सहा-आठ महिन्यांत एक्स्पांडर लावावा असं म्हणाले. त्याला पहिला टप्पा म्हणतात, खर्च २,८००. पुढे बाराव्या वर्षाच्या सुमारास ब्रेसेस लागतील की नाही, ते आत्ता सांगता येत नाही.

म्हणजे माझ्या हाय प्लॅनचं १२ महिन्यांचं वेटिंग आडवं आलं. एचआरला विचारलं, आधीच्या प्लॅनमध्ये ऑर्थो असतं तर वेटिंग माफ झालं असतं, आमच्यात ते नव्हतं. नवऱ्याच्या प्लॅनमध्ये मात्र ऑर्थो ५० टक्के, एका मुलाला १,५०० पर्यंत, वेटिंग नाही. त्याचं एनरोलमेंट २१ पर्यंत उघडं आहे.

---

आकडेमोड | ८ नोव्हेंबर, सायं. ५:१०

मग उत्तर समोरच आहे. मुलं नवऱ्याच्या प्लॅनवर. २,८०० चे निम्मे १,४००, मर्यादेत बसतात. उरलेले १,४०० एफएसएमधून (पगारातून उपचारांसाठी करमुक्त बाजूला काढलेले पैसे). २०२६ ची मर्यादा ३,४०० आहे. एफएसएत ठरवलेली पूर्ण वर्षाची रक्कम १ जानेवारीपासून वापरता येते, पगारातून ती कापली जाईपर्यंत थांबावं लागत नाही. ऑर्थोसाठी आगाऊ भरलेले पैसेही भरले त्याच वर्षी काढता येतात, इतर उपचारांना ती मुभा नाही. फक्त मेडिकल हाय डिडक्टिबलचा (आधी मोठी रक्कम स्वतः भरायची असा) असून एचएसए (त्यासोबतचं करमुक्त बचत खातं) चालू असेल तर साधी एफएसए नाही, दात-डोळ्यांपुरती मर्यादित एफएसए घ्या.

---

दंतकथा | ८ नोव्हेंबर, रात्री ८:४०

हिशेब पटला, पण एक धोका सांगते. पहिल्या टप्प्याचे पैसेही त्याच जन्मभराच्या मर्यादेतून जातात. १,५०० मधले १,४०० एक्स्पांडरला गेले की बाराव्या वर्षीच्या ब्रेसेसना शंभर उरतात. हे पालकांना दुसऱ्या टप्प्याच्या खुर्चीत बसल्यावर कळतं आणि मग रिसेप्शनवर आवाज चढतात.

तरी मी तुमच्या जागी असते तर पहिला टप्पा पुढे ढकलला नसता. इन्शुरन्ससाठी वर्षभर थांबून जबड्याची वाढ थांबत नाही.

---

कागदपत्री | ८ नोव्हेंबर, रात्री ९:२०

दुसऱ्या टप्प्यासाठी दार अजून उघडं आहे. मेथी चार वर्षांनी मुलीला स्वतःच्या हाय प्लॅनवर घेऊ शकतात. ती कंपनी वेगळी, त्यामुळे जन्मभराची मर्यादा सहसा नव्याने सुरू होते. सहसा म्हणतेय, कारण काही प्लॅन आधीच्या कंपनीने दिलेले ऑर्थोचे पैसे वजा करतात. सारांशाच्या दोन पानांत ते नसतं, जाड पुस्तिका एचआरकडून मागून घ्या.

---

मेथीची_जुडी | १२ नोव्हेंबर, रात्री १०:०५

ठरलं. मुलं नवऱ्याच्या प्लॅनवर, मी एकटीपुरता बेसिक, नवऱ्याच्या एफएसएत १,६००. त्याच्या नेटवर्कमध्ये आमच्या पिडियाट्रिक डेंटिस्ट आहेत का ते फोन करून पक्कं केलं, आहेत. लेकीच्या दोन दाढांचं सीलंट डिसेंबरात माझ्या चालू प्लॅनवरच उरकतोय, उरलेल्या दोन दाढा अजून पूर्ण वर आल्या नाहीत. कपात आता निम्म्याहून जास्त पाणी आहे. भेंडीचा खेळ भलताच चाललाय, पण आता त्याला रोज नवीन भाजी लागते.

---

नवी_पालवी | १३ नोव्हेंबर, सकाळी ९:५०

अख्खा धागा वाचला, वाखु (वाचनखूण) साठवली. आमचं पहिलं बाळ फेब्रुवारीत येणार. आत्ता एनरोलमेंटमध्ये बाळ नाही, मग डेंटलसाठी पुढच्या नोव्हेंबरपर्यंत थांबायचं का?

---

कागदपत्री | १३ नोव्हेंबर, सकाळी १०:३०

नाही. बाळाचा जन्म हे मध्येच बदल करण्याचं मान्य कारण आहे. बहुतेक कंपन्यांत ३० दिवसांची मुदत असते, तुमची एचआरकडून विचारून घ्या. मेडिकल आणि डेंटलचे रकाने वेगवेगळे असतात. बाळंतपणाच्या धांदलीत लोक मेडिकलवर खूण करतात आणि "दात कुठे आहेत अजून" म्हणून डेंटल सोडून देतात. पहिला दात सहाव्या महिन्याच्या आसपास येतो, आणि पहिली तपासणी पहिल्या वाढदिवसाच्या आत करायची असते, म्हणजे पुढच्या एनरोलमेंटचा प्लॅन लागू होईपर्यंत तुमचे अकरा महिने उलटलेले असतील. दोन्हींवर खूण करा. जन्माचा दाखला यायला वेळ लागला तर हॉस्पिटलचं पत्र चालतं का तेही आधीच विचारून ठेवा.